केस खाली गेली, तुम्ही नाही

हायकोर्टांचं खरं नाव मला सांगता येत नाही, तेव्हा त्यांच्याविषयी मी लिहावं हे काही खरं नाही. पण वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, परवा म्हणाल्या, "तुम्ही पोस्टात होता, अक्षर बरं आहे. ते गेले, आता दोन ओळी तुम्हीच लिहा." पोस्टात मी लोकांनी लिहिलेल्या पत्रांवर शिक्के मारत होतो. तरी वहिनींना नाही म्हणायची माझी छाती नाही.

हायकोर्ट इस्त्रीवाले होते. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं टेबल, कोळशाची इस्त्री आणि रद्दीचा गठ्ठा. कपडे रद्दीत गुंडाळून द्यायचे, पण कोर्टाच्या बातमीचं पान कुणाच्या शर्टाच्या वाट्याला यायचं नाही. ते आधी मोठ्यानं वाचलं जायचं. वरच्या कोर्टानं खालच्याचा निकाल फिरवला की त्यांना घरात लग्न ठरल्यासारखा आनंद व्हायचा, म्हणून सगळे त्यांना हायकोर्टच म्हणायचे.

"खालचं कोर्ट म्हणजे पहिला हात," ते सांगायचे. "सुरकुती राहायचीच. म्हणून तर दुसरा हात फिरवायचा."

बोलणंही तसंच. कुणी करपलेली बाही दाखवली की, "आरोप अमान्य. डाग पूर्वीचाच. अपील करायचं तर वर जा." वर म्हणजे वरच्या मजल्यावर, त्यांच्या खोलीत, वहिनींकडे. वहिनी बाही उजेडात धरून जिन्यातूनच ओरडायच्या, "यांनीच जाळलीय! गप्पा मारताना हात कुठं असतो यांचा?" त्यावर खालून शांतपणे, "अपील मंजूर," आणि लगेच रफूची सुई निघायची.

त्यांची स्वतःचीही एक केस होती, आणि तिच्याबद्दल मात्र ते विनोद करत नसत. मालकाला जिन्याखालची ती जागा मोकळी हवी होती. त्याचं म्हणणं, हा माणूस इथे आत्ताआत्ता येऊन बसलाय. खालच्या कोर्टानं ते मानलं आणि जागा सोडा म्हणून सांगितलं. हायकोर्टांनी वर अपील केलं. ती जागा गेली असती तर दुसरी मिळायची नव्हती. या वयात इस्त्री डोक्यावर घेऊन दारोदार फिरू का, असं एकदाच म्हणाले होते, तेही कोळसे फुंकत, माझ्याकडे न बघता.

एका दुपारी वकिलांच्या ऑफिसातून फोन आला. मी कपडे घ्यायला उभा होतो. हायकोर्टांनी "हां, हां" केलं, फोन ठेवला आणि इस्त्री बाजूला उभी केली.

"काय झालं?" मी विचारलं.

"रिमांड," ते म्हणाले. "उद्या यायला सांगितलंय."

आता इथे सांगायला हवं, की आमच्या पेपरात रिमांड म्हणजे एकच. चोराला पोलीस कोठडीत घालतात तो. वरचं कोर्ट प्रकरण पुन्हा ऐकायला खाली पाठवतं तेव्हा पेपर लिहितो, 'फेरसुनावणीचे आदेश'. या फेरसुनावणीवर हायकोर्टांनी मला कितीदा तरी व्याख्यान दिलेलं. पण वकील मंडळी त्यालाही रिमांडच म्हणतात, हे पेपरात कधी आलंच नव्हतं. आणि इतकी वर्षं सगळ्यांना कायदा शिकवल्यावर, "रिमांड म्हणजे काय हो?" असं विचारणार कुणाला?

मलाही शंका आली नाही. अपील केल्याबद्दल माणसाला आत टाकतात का, हे खरं तर विचारायला हवं होतं. पण समोर हायकोर्ट असताना मी कोण विचारणार!

दुसऱ्या दिवशी ते वकिलांच्या ऑफिसात जायला निघाले, तेव्हा वहिनी आणि मीही सोबत निघालो. वहिनींनी पिशवी भरली होती: चादर, टॉवेल, रक्तदाबाच्या गोळ्या, जेवणाचा डबा. हायकोर्ट अजून स्वतःच्या शर्टावर इस्त्री फिरवत होते.

"अहो, तिथे कोण बघणार आहे?" वहिनी डोळे पुसत म्हणाल्या.

"सगळे बघणार. इस्त्रीवाला चुरगळलेला आला म्हणतील."

वकीलबाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. पिशवी बघून म्हणाल्या, "काका, गावाला निघालात का?"

हायकोर्टांनी दोन्ही हात पुढे केले.

"हे काय?"

"घ्या. रिमांड झालाय ना? फक्त मारू नका म्हणावं. गुडघा दुखतो."

वकीलबाईंनी आधी आमच्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. मग त्यांनी फाईल तोंडासमोर धरली आणि फाईल हलायला लागली. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "काका, केस खाली गेली, तुम्ही नाही! खालच्या कोर्टानं तुमचा साक्षीदार ऐकलाच नव्हता. आता तो ऐकून पुन्हा निकाल द्या, असं वरचं कोर्ट म्हणतंय. तोवर टेबल हलवायचं नाही."

"म्हणजे फेरसुनावणी!" हायकोर्ट ताठ झाले. "मग तसं सांगायचं ना. मला वाटलंच होतं."

"वाटलं होतं तर चादर कशाला घेतली?" वहिनी म्हणाल्या. "म्हणजे हे घरीच राहणार? बरं, डबा तरी खाऊन घ्या. वाया जायला नको."

तिथेच बाकावर बसून आम्ही डबा खाल्ला. खाताना कळलं, की तो न ऐकलेला साक्षीदार मी.

साक्षीच्या दिवशी मी पिंजऱ्यात उभा राहिलो. मालकाच्या वकिलानं विचारलं, "यांना तुम्ही चांगलं ओळखता?"

"फारसं नाही," मी म्हणालो. हायकोर्टांनी कपाळाला हात लावला.

"पूर्ण नाव सांगा त्यांचं."

"नाही येत."

"मग हे वर्षानुवर्षं तिथेच बसतात, हे कशावरून सांगता?"

मी म्हणालो, "मी नोकरीला लागलो तेव्हापासून माझ्या शर्टाच्या उजव्या बाहीला दोन घड्या पडतात. हे टेबल जिन्याच्या भिंतीला टेकलेलं आहे, त्यामुळे यांचा हात त्या बाजूला पुरा फिरत नाही. दुसरीकडे बसले असते तर एकच पडली असती."

न्यायाधीशांनी मला बाही दाखवायला सांगितली. मी दाखवली. दोन होत्या. मग त्यांनी हायकोर्टांच्या इस्त्री केलेल्या शर्टाकडे मान वळवली. हायकोर्टांनी न सांगताच बाही पुढे केली. तिथेही दोन.

निकाल आमच्या बाजूनं लागला. मग मालक अपिलात गेला, तेव्हा हायकोर्ट आठवडाभर खूश. "आता अपील त्यांचं! जाऊ देत वर, गुडघे दुखू देत." तेही फेटाळलं गेलं. पेपरात बातमी आली नाही, एवढंच त्यांना लागलं. टेबल मात्र शेवटपर्यंत जिन्याखालीच राहिलं, माझ्या बाहीला दोन घड्याही.

ते गेले त्या दिवशी सकाळी मी एक शर्ट दिला. त्यांनी पाणी शिंपडलं.

"घडी की हँगर?"

"घडी. नेहमीसारखी."

"म्हणजे निकाल कायम. संध्याकाळी घेऊन जा."

"बरं," मी म्हणालो.