जीप ओढत होती

नातवाच्या गॅरेजमध्ये ग्रीसचा वास आला आणि पंचाहत्तर-शहात्तर सालची शुक्रवार पेठेतली एक दुपार आठवली.

माझी जुनी जीप मैंदर्गीच्या रस्त्यावर सारखी डावीकडे-उजवीकडे भरकटायची. ड्रायव्हर मलकाप्पा म्हणायचा, "साहेब, जीपच वडती." मला वाटलं, हा पिऊन चालवतो. त्याला काढून टाकलं. आठवड्यानं मी स्वतः चालवायला बसलो, तर ती माझ्याही हातात राहीना. तशीच शुक्रवार पेठेतल्या मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्री पुढच्या चाकांमागे खाली शिरला. "स्टिअरिंग हलवा," म्हणाला. मी चार बोटं फिरवलं, तरी पुढचं चाक जागचं हललं नाही. रॉकेलच्या बोळ्यानं त्यानं एक सांधा पुसला.

"जॉइंट पार झिजलाय की! असली गाडी रस्त्यावर ठेवायला हात लई पक्का पायजे. कोण चालवत हुतं?"

"ड्रायव्हर."

"कुटं हाय तो?"

"गावी गेलाय, वळसंगला," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

बिघाड सापडला, याचंच तेव्हा मला समाधान वाटलं. नवा जॉइंट बसला आणि जीप सरळ धावू लागली. मैंदर्गीला जाताना वाटेत वळसंग लागायचं. मी तिथं कधी थांबलो नाही.