तिसऱ्या स्विचची शेवटची वायर

त्या वर्षांत मी अमरावतीच्या एका तंत्रनिकेतनात नेटवर्क सांभाळत होते. मूळची अकोल्याची, त्यामुळे उकाड्याबद्दल बोलायची चोरी. "अकोल्याच्या मानसाले काहून गरम होते?" असं इथले लोक हसून विचारायचे.

अभियांत्रिकी प्रवेशाचे फॉर्म भरायचं केंद्र आमच्याकडे होतं. हॉलमधले सगळे संगणक कपाटातल्या चार स्विचवर, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडायच्या डब्यांवर, चालायचे. चारही एकावर एक रचलेले, मागून जाड वायरींनी गोल बांधलेले. त्यातला एक मुख्य, बाकीचे तिघं त्याच्या सांगण्यावर चालणारे. याला आम्ही स्टॅक म्हणतो; जो मुख्य, त्याच्यावर हिरवी बत्ती लागते. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी, दुपारी चारला, तिसऱ्या स्विचचा पंखा बंद पडला. हात लावला तर चटका बसला, वासही यायला लागला होता. पाचला फॉर्म बंद होणार आणि हॉल भरलेला. तो मधेच जळाला असता तर पोरांच्या वर्षाचं वाटोळं झालं असतं.

मला घाई झाली की अक्कल थोडी मागे राहते. तिसरा तर साधाच आहे म्हणून मी सरळ त्याच्या प्लगला हात घातला. आमचे इलेक्ट्रिशियन चाचा शेजारी टॉर्च धरून उभे होते.

"रुको मॅडम. मेनची बत्ती कुठं हाय?"

"वरच्यावर. कुंकवाखाली."

मागच्या दसऱ्याला पूजा करताना मीच वरच्या स्विचला कुंकवाचं भलंमोठं बोट टेकवलं होतं, नेमकं बत्तीच्या जागी. वरचा म्हणजे मुख्य, असं मी धरूनच चालले होते.

"पुसून तं पाहा."

पुसलं. खाली अंधार. हिरवी बत्ती तिसऱ्यावर जळत होती.

"टीका एकाले लावला अन् कारभार दुसराच करून राहिला!" चाचा हसले. मी प्लगवरचा हात काढला. तो प्लग ओढला असता तर बाकीचे तिघं नवा मुख्य ठरवेपर्यंत अख्खा हॉल ठप्प.

मग रीतसर केलं. आधी तिसऱ्याकडचा कारभार दुसऱ्याकडे सोपवला, बत्ती तिकडे लागली. नंतर तिसऱ्यावरची एकेक वायर दुसऱ्या स्विचच्या रिकाम्या जागी हलवायची. वायर हलताना तेवढा एक संगणक काही क्षण तुटतो, म्हणून चाचा हॉलमध्ये जाऊन त्या त्या पोराला सेव्ह करून हात वर करायला सांगायचे आणि मला खूण करायचे. सतरा वायरी हलल्या. शेवटची राहिली. त्या संगणकावरची पोरगी हात वर करत नव्हती. पाचला दहा कमी होते. मीच गेले.

चांदूर बाजारकडच्या एका खेड्यातली पोरगी. तिचे वडील सकाळपासून व्हरांड्यात बसून होते. माठापाशी मला म्हणाले होते, "माही पोरगी पुन्याले चालली, बाई." पेरणी सोडून आले होते. पोरीला मार्क भरपूर होते आणि सकाळी पुण्याचं कॉलेज पहिलं टाकून यादी सेव्हही झाली होती. आता तिनं ती यादी परत उघडली होती. पुणे खोडलेलं, अमरावती पहिली. फक्त सेव्ह करायचं बाकी.

"काहून गं? पुण्याचं मिळून राहिलं ना तुले?"

तिनं दाराकडे पाहिलं. "बाबा पहाटं अंधारातच एकटे वावरात जाते, मॅडम. काई बोलत नाई. मी मांगंमांगं जाते. मी पुन्याले गेली तं त्याइच्या मांगं कोन जाईन?"

त्या वर्षांत आमच्याकडे सकाळचा पेपर उघडायची भीती वाटायची; रोज कुठल्यातरी शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी असायची. तिला काय म्हणायचंय ते मला विचारावं लागलं नाही. "त्याइले सांगू नका," ती म्हणाली.

मी कपाटाशी परत आले आणि तिची वायर बोटांत धरली. आता ओढून पाचपर्यंत तशीच ठेवली असती तर नवी यादी सेव्ह झाली नसती, पाचला सकाळचीच पक्की झाली असती आणि पोरगी पुण्याला गेली असती. कुणाला कळलंही नसतं. दोष जळक्या स्विचचा. मला ओढावीशी वाटली, खोटं कशाला बोलू? ती हुशार होती आणि मला तिचा फार राग आला होता, तिच्यावर एवढं ओझं टाकणाऱ्या त्या दिवसांचा त्याहून जास्त. पण सकाळी मी कामावर यायचे तेव्हा ती अंधारात बापाच्या मागे चालून आलेली असायची. तिच्या वतीनं ठरवणारी मी कोण?

चाचांनी दारातून मान हलवली. "सेव झालं."

मग मी वायर हलवली, तिसऱ्याचा प्लग काढला, त्याच्या मागच्या जाड वायरी सोडवून दुसरा आणि चौथा एकमेकांना जोडले आणि तो तापलेला डबा बाहेर ओढला. हॉलमध्ये कुणी मानसुद्धा वर केली नाही.

पाचनंतर तिचे वडील आत आले. पोरगी माझ्याकडे बघत होती.

"झालं ना बाई? काई बंद नाई पडलं ना मधात?"

"नाही," मी म्हणाले. "काहीच बंद पडू दिलं नाही."

त्यांनी मला हात जोडले.