दिवाळी समस्या, २०१८

कात्रपमधल्या वाचनालयात मीनल चित्रे एकोणीस वर्षं ग्रंथपाल आहेत. सगळे त्यांना मीनलताई म्हणतात. त्यांना एक सवय आहे. कुठलीही गोष्ट कळली नाही की ‘हे असं का?’ विचारायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्याला सोडायचं नाही.

वाचनालयाची वेबसाइट एका कंपनीने करून दिली होती, त्या कंपनीच्याच सॉफ्टवेअरवर. वेळ बदलायची असली तरी त्यांना मेल करावा लागे. मग कंपनीच बंद पडली. फोन लागेना, मेल परत येऊ लागले. वाचनालयाची संध्याकाळची वेळ पाचवरून सहा झाली, साइटवर मात्र पाचच राहिली. एकदा अंबरनाथहून जुने वाचक दिनानाथ काका साइट बघून बरोबर पाचला आले आणि तासभर पायरीवर बसून राहिले. ऑर्डनन्स फॅक्टरीत चाळीस वर्षं काढलेला माणूस, तक्रार केली नाही. मीनलताईंनाच लाज वाटली. आपल्या वाचनालयाची वेळ आपल्यालाच बदलता येत नाही?

प्रिंटर दुरुस्त करायला त्या उल्हासनगरला हितेशभाईंच्या दुकानात गेल्या, तेव्हा हाच प्रश्न त्यांनी काढला. हितेशभाई सिंधी, पन्नाशीचे. मराठी बोलताना मध्येच हिंदीत घसरतात.

“मॅडम, सॉफ्टवेअर त्यांचं होतं. चाबी उन्हीं के पास. तुम्ही ओपन सोर्सवाला घ्या. साइट बनवायला वर्डप्रेस आहे, ते लावून देतो.”

“म्हणजे काय?”

“त्याचा कोड खुला असतो. कोणीही बघू शकतो, बदलू शकतो. उद्या मी दुकान बंद केलं तरी दुसरा कोणीही तुमची साइट सांभाळेल.”

“पण मग ते बनवतं कोण? आणि बनवून असं वाटून का टाकतात?”

हितेशभाई प्रिंटरचं झाकण लावता लावता थांबले. “सच बोलूं? वीस साल से लगा रहा हूं, ये कभी सोचा नहीं.”

पुढच्या गुरुवारी त्यांनी नवी साइट उभी करून दिली. जुनीतलं काही आपोआप उचलता येईना, म्हणून कार्यक्रमांची माहिती मीनलताईंनी हाताने टाइप केली. पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये होती, ती एका झटक्यात चढली. वेळ त्यांनी स्वतः बदलली आणि ती बदललेली आहे ना, हे मोबाइलवर तीनदा पाहिलं. अपडेट वेळच्या वेळी करायचे आणि बॅकअप ठेवायचा, हे काम आता त्यांचंच झालं होतं. हितेशभाईंनी ते कागदावर लिहून दिलं.

मग दिवाळी अंकांची यादी उघडली. तिथे ओळीने लिहिलं होतं: ‘समस्या: दिवाळी २०१८’, ‘समस्या: दिवाळी २०१९’. दोनशे चौदा समस्या.

मीनलताई आधी खूप हसल्या. मग फोन लावला. “हितेशभाई, हे असं का?”

“मी ग्रंथालयासाठी ते प्लगइन लावलंय ना, जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, उसका ट्रान्सलेशन होगा. खुला है, खोलके देखो.”

त्यांनी सांगितलेली फाइल मीनलताईंनी उघडली. वर इंग्रजी शब्द, खाली मराठी. ‘इश्यू’च्या खाली ‘समस्या’. त्यांनी ते पुसून ‘अंक’ लिहिलं. यादी सुधारली. पंधरा दिवसांनी अपडेट केला आणि समस्या परत हजर.

म्हणजे नुसतं आपल्या घरात दुरुस्त करून भागत नाही, मुळाशी कळवावं लागतं. भाषांतर करणाऱ्यांची नावं प्लगइनच्या पानावर होती. दिपेश वानखेडे, नागपूर. मीनलताईंनी त्यांना पत्रासारखा ऐसपैस मेल लिहिला आणि शेवटी विचारलं, ‘आपण हे काम का करता?’

उत्तर दोन दिवसांनी आलं. दिपेश यांचं औषधांचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसताना ते भाषांतर करत. ‘ताई, तो शब्द मी तक्रारीच्या फॉर्मसाठी धरला होता. तक्रारीला आणि अंकाला, दोन्ही ठिकाणी इंग्रजीत एकच शब्द वापरलाय. मूळ प्लगइन लिहिणाऱ्या बाई पोर्तुगालमध्ये असतात, त्यांना दोन जागा वेगळ्या करायला सांगतो. का करतो, ते माहीत नाही. माझ्या गावच्या शाळेची साइट मराठीत दिसावी म्हणून सुरुवात केली, मग थांबलोच नाही.’

महिन्याभराने नवा अपडेट आला. मीनलताईंनी बटण दाबलं आणि यादी उघडली. ‘अंक: दिवाळी २०१८’. सहज म्हणून त्यांनी तेच प्लगइन वापरणारं दुसरं मराठी वाचनालय शोधलं. संगमेश्वरजवळचं एक सापडलं. तिथेही ‘अंक’ लिहिलेलं होतं. आपण कधी न गेलेल्या गावात आपला शब्द जाऊन बसला होता.

आता दिपेश यांनी मीनलताईंकडे भाषांतर न झालेले सदतीस शब्द पाठवले आहेत. दुसऱ्याकडे गेलेलं पुस्तक आपल्यासाठी राखून ठेवायला सांगणं, याला इंग्रजीत ‘होल्ड’ म्हणतात. मराठीत काय लिहायचं? मीनलताईंनी वाचकांनाच विचारलं. कोणी ‘आरक्षण’ म्हणालं, कोणी ‘पूर्वनोंदणी’.

दिनानाथ काका वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, “आपण इतकी वर्षं काय म्हणतो? नंबर लावतो.”

मीनलताईंनी ‘नंबर लावा’ असं टाइप केलं आणि पाठवून दिलं.