सकाळची शाळा आणि गप्प स्टाफरूम

शाळेतले किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. ते खडूच्या भुकटीसारखे पदराला लागतात, आणि घरी आल्यावर कोणीतरी विचारतं, "हे काय आता?" मग सांगत बसावं लागतं. माझ्या नवऱ्याचे सगळे ऐकून झालेत, बहीण हल्ली फोनवर "कुकर लावलाय" म्हणते. आता तुम्ही सापडलात.

झालं असं, की मी आचार्य झाले. आमच्या सुरतेत मुख्याध्यापकांना आचार्य म्हणतात. शाळा उधन्याच्या पलीकडे, मराठी माध्यमाची. मुलं बहुतेक खानदेशातून आलेल्या घरांतली. कुणाचे वडील लूम्सवर, कुणाचे सचिन गावच्या कारखान्यात, कुणाचे पलसाण्याच्या मिलमध्ये. इमारत एक आणि शाळा दोन. सकाळी गुजराती शाळा भरते, दुपारी आमची. इथेच मी कितीतरी वर्षं शिकवलं, इथल्याच स्टाफरूममध्ये भांडले आणि खिदळले. मग एक ऑर्डर आली आणि मी भिंतीपलीकडच्या केबिनमध्ये जाऊन बसले. तेव्हापासून डोकं जे फिरलंय, ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

*

नवीन आचार्यांसाठी ट्रेनिंग होतं. विषय ॲक्शन रिसर्च, म्हणजे आपलं कृतिसंशोधन. शिकवणाऱ्या बाई हुशार होत्या. म्हणाल्या, आपल्या शाळेतला एक प्रश्न घ्या, उपाय करून पाहा, काय होतं ते बघा, मग शांत बसून स्वतःचा विचार करा, आणि पुन्हा उपाय करा. ऐकायला फारच सोपं वाटलं.

सगळ्यांनी प्रश्न लिहिले. पालक जागरूक नाहीत. मुलं गैरहजर राहतात. शिक्षक वेळेवर येत नाहीत. बाई वाचत गेल्या आणि म्हणाल्या, "यात तुम्ही स्वतः कुठे आहात?"

माझ्या शेजारी एका गुजराती शाळेचे आचार्य बसले होते. त्यांनी प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "बेन, हुं तो ऑफिसमां छुं."

सगळे हसले. मी मात्र घाबरले, कारण मीही ऑफिसमध्येच होते. घाईघाईने आधीचं खोडलं आणि लिहिलं, "माझ्या सभेत शिक्षक बोलत का नाहीत?" बाईंनी तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला, टाळ्या झाल्या. टाळ्या झाल्यामुळे आता तो प्रश्न बदलताही येईना.

*

प्रश्न खरा होता, हे मात्र सांगते. वरून विचारणा आली होती की नव्या सत्रापासून तुमची शाळा सकाळी आणि गुजराती शाळा दुपारी भरवली तर चालेल का, अभिप्राय कळवा. वर्गावर असते तर मी एका दमात दहा गोष्टी बोलले असते. आता माझंच मला कळेना. उत्तर चुकलं तर मुलं गळतील एवढं पोटातून वाटत होतं. म्हणून सभा घेतली.

"सकाळची शाळा घ्यायची का?" मी विचारलं.

पाटील सर आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ, अमळनेरकडचे. कालपरवापर्यंत मला "ए वंदना" म्हणून हाक मारणारे. ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, मॅडम."

"अहो, मी तुम्हाला विचारतेय."

"हो, विचारा ना."

निकम सर म्हणाले, "सरांना अनुमोदन." कशाला, ते त्यांनाही माहीत नव्हतं. वैशाली माझी इतक्या वर्षांची मैत्रीण, तिने खाली बघून साडीची निरी सारखी केली. मला रडूच यायचं बाकी होतं. याच माणसांनी एकेकाळी सहलीच्या बसचा रंग कोणता असावा यावरून मला घरी जाऊ दिलं नव्हतं.

*

पहिला उपाय बैठकीचा. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की टेबल मध्ये आलं की अधिकार मध्ये येतो. मी टेबल बाहेर काढलं, खुर्च्या गोल मांडल्या.

सगळे आले आणि बसले. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. मी उठून निकम सरांच्या शेजारी गेले, तर निकम सर अदबीने उठून पलीकडच्या खुर्चीवर. मग त्यांच्या पलीकडचे उठले. मी सरकले की गोल सरकायचा. शेवटी मी पुन्हा होते तिथेच आले, रिकाम्या खुर्च्या घेऊन. संगीतखुर्चीत निदान गाणं तरी असतं.

निरीक्षणात काय लिहावं कळेना. "शिक्षकांची हालचाल वाढली" असं लिहिलं. ते खोटं नव्हतं.

*

दुसरा उपाय चिठ्ठ्यांचा. बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला आणि सांगितलं, नाव न घालता सकाळच्या शाळेबद्दल मनातलं लिहा.

डबा उघडला. जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच वाक्य, "निर्णय योग्य आहे." निर्णय अजून मी घेतलाच नव्हता! एका चिठ्ठीखाली तर पाटील सरांची झोकदार सही.

"सर, निनावी लिहायचं होतं."

"मॅडम, सहीशिवाय कागद ग्राह्य कसा धरणार?" नोकरी सगळी याच शिस्तीत गेलेली, त्यांचं तरी काय चुकलं.

एकाच चिठ्ठीत वेगळं काही होतं. "सहावीचा पंखा फिरत नाही." मला इतका आनंद झाला की त्याच दिवशी माणूस बोलावून पंखा सुरू करून घेतला. म्हटलं, बघा, बोललं की काम होतं. हा विश्वास बसला की पुढचं आपोआप.

विश्वास बसला. पुढच्या वेळी डब्यात सगळे पंखेच निघाले. सकाळची शाळा हवी की नको, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. मात्र आमच्या शाळेचे पंखे आता सुरतेतल्या कुठल्याही बंगल्याला लाजवतील असे फिरतात.

*

ट्रेनिंगच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, एक चिकित्सक मित्र निवडा. तो तुमची सभा बघेल आणि तुमच्या चुका तोंडावर सांगेल. मी वैशालीला निवडलं. तिने लग्नात माझा शालू बघून "पडद्याचं कापड आहे का?" विचारलं होतं. चिकित्सेला याहून चांगलं माणूस कुठे मिळणार?

सभा झाली. "कशी झाली?" "छान झाली, मॅडम."

"वैशाली, चुका सांग."

ती विचारात पडली. दोन दिवस मला टाळत होती. मग एकदा जिन्यात थांबवून म्हणाली, "सांगू? तुम्ही सारख्या मान हलवता. समोरच्याने तोंड उघडायच्या आत तुमचा होकार आलेला असतो. मग तो बोलेल कशाला?"

मला पटलं. पुढच्या सभेत ठरवून मान ताठ ठेवली. डावीकडचा बोलला तरी सरळ, उजवीकडचा बोलला तरी सरळ. सभा संपेस्तोवर मान खरंच आखडली. दुसऱ्या दिवशी पाटील सरांनी कागदात गुंडाळलेली तेलाची बाटली माझ्या टेबलावर ठेवली. "गावाकडचं आहे. कोमट करून लावा. आम्ही सगळे काळजीत होतो."

आता यातून काय निष्कर्ष काढायचा? वैशालीने खरी चूक सांगितली की सांगायला सोपी अशी एखादी चूक शोधून आणली, हेही मला कळलं नाही. जिन्यात तिने मला "तुम्ही" म्हटलं, तेवढं मात्र दिवसभर टोचत राहिलं.

*

मग शांततेचा उपाय. बाई म्हणाल्या, "तुम्ही प्रश्न विचारता आणि लगेच स्वतःच बोलता. प्रश्न विचारा आणि थांबा. शांतता सहन करा. कोणीतरी बोलेलच."

मी सभेत उभी राहिले. "सकाळची शाळा झाली तर आपल्या मुलांचं काय होईल?" एवढं विचारलं, गंभीर चेहरा केला, नजर खाली घेतली आणि थांबले.

कोणी बोलेना. मीही बोलेना. बाहेर मैदानावर मुलांचा गलका चालला होता, तो स्पष्ट ऐकू येत होता. थोड्या वेळाने निकम सर हळूच उभे राहिले. मला वाटलं, आला, विजय आला. त्यांनी हात जोडले, मान खाली घातली. त्यांना बघून पाटील सर उठले, वैशाली उठली, एकेक करत सगळे उठले. कोणीतरी डोळे मिटले.

मला काय चाललंय ते समजेना. सगळे उभे आहेत म्हणजे काहीतरी झालं असणार. मीही डोळे मिटून घेतले.

बराच वेळ तसेच उभे होतो. शेवटी पाटील सर "ॐ शांती" म्हणाले, सगळे खाली बसले. मग ते माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाले, "कोण गेलं, मॅडम?"

*

त्या दिवशी मी हात टेकले. केबिनमध्ये जाऊन "सकाळच्या शाळेस हरकत नाही" असं उत्तर टाईप केलं आणि स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. "उद्या पाठवते." सगळे म्हणाले, "बरं, मॅडम."

मी केबिनमध्ये परत येऊन बसते न बसते तोच निकम सर दारात. "मॅडम, माझं काही नाही. मी कधीही येईन. पण पाटील सरांना सकाळचं जमणार नाही. गुडघे दुखतात. ते बोलणार नाहीत, म्हणून मी सांगितलं."

ते गेले आणि पाटील सर आले. "माझं काही नाही. मी पहाटेच उठतो. पण वैशालीबेनच्या वर्गातल्या पोरींचं अवघड होईल. त्या स्वतः सांगणार नाहीत."

मग वैशाली. "माझं काही नाही हो. पण निकम सरांची बायको दुसरीकडे एका सकाळच्या शाळेत शिकवते. त्यांचं बाळ लहान. हे दोघं एकाच वेळी बाहेर पडले तर त्याला बघणार कोण?"

अशी रांग लागली. प्रत्येकाचं स्वतःचं काही नव्हतं, प्रत्येकाला दुसऱ्याची काळजी. मी कपाळ धरून बसले. इतके दिवस मी प्रत्येकाला त्याचं मत विचारत होते. तो माल या दुकानात कोणी ठेवतच नव्हतं.

*

उत्तर पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्यांना बसवलं आणि म्हटलं, "आज एकच नियम. स्वतःचं मत कोणी सांगायचं नाही. सांगितलं तर धरणार नाही. आपल्या उजव्या हाताला बसलेल्या माणसाचं मत सांगायचं. आणि ज्याच्याबद्दल बोललं जाईल त्याने मध्ये बोलायचं नाही."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. पाटील सरांनी नियम पुन्हा एकदा समजून घेतला. आणि मग बांध फुटला म्हणा ना.

निकम सरांनी पाटील सरांचे गुडघे मांडले, दोन्ही. पाटील सर वैशालीच्या वतीने असे उभे राहिले की घरची भाषा तोंडात आली. "सकायले नळ येस. मायबाप कामवर. पोरी पानी भरतीन का शाळामा येतीन?" मग सावरून मराठीत सांगू लागले. वैशालीबेनच्या सातवीतल्या अर्ध्या मुली सकाळी पाणी भरतात, धाकट्याला सांभाळतात, भाकरी टाकतात, आणि सगळं उरकून दुपारी शाळेत येतात. शाळा सकाळी गेली की या मुली शाळेतून गेल्या. एकीची आई तर आत्ताच म्हणते, बस झालं शिक्षण. तिला फक्त निमित्त हवंय.

वैशाली पदराने डोळे पुसत होती, पण नियम पाळून गप्प होती. मला इतकं बरं वाटलं, इतकं भरून आलं, की काय सांगू. हीच माझी माणसं, असं ओरडून म्हणावंसं वाटलं. आणि उत्तर ठरलंच होतं. नाही. आमची शाळा दुपारचीच बरी.

मी पेन उचललं. तेवढ्यात निकम सर म्हणाले, "मॅडम, एक राहिलं. वैशालीबेनच्या उजव्या हाताला तुम्ही आहात."

त्या दिवशी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी नव्हती, हे मला तेव्हा कुठे लक्षात आलं.

वैशालीने माझ्याकडे बघितलं नाही. सरळ समोर बघत बोलली. "वंदनाला सकाळची शाळा पहिल्या दिवसापासून नकोय. या पोरींना तिने पाचवीला शिकवलंय, त्यांची घरं तिला माझ्याआधीपासून माहीत आहेत. पण तिला भीती वाटते. नवी नवी आचार्य, पहिल्याच पत्राला नाही म्हटलं तर वरचे म्हणतील, बाईला जमत नाही. म्हणून तिला ते 'नाही' आपल्या तोंडून हवं होतं. आम्हाला कळत होतं. आम्ही वाट बघत होतो, ती आमच्यासमोर कधी म्हणते."

पंखा फिरत होता. सगळे माझ्याकडे बघत होते. हे खरं आहे की नाही, मला खरोखर कळेना.

"नाही, म्हणजे माझं म्हणणं असं होतं, की..." मी सुरुवात केली.

पाटील सरांनी हात वर करून मला थांबवलं. "मॅडम, स्वतःचं मत सांगायचं नाही. नियम तुमचाच आहे."