विमा गाडीला असतो

बंगलोरची ती वर्षं आठवायला बसले की आधी उजेडच आठवतो. झाडांच्या पानांतून गाळून आलेला, हिरवट, झोपाळू उजेड. नव्वदच्या दशकातली गोष्ट. यशवंतपूरच्या अलीकडे आमचं भाड्याचं घर होतं आणि फाटकाच्या आत, त्या उजेडात, आमची फिकट निळी गाडी उभी असायची. होती सेकंडहँड, पण आमचा तोरा असा की जणू पालखीच. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. रविवारी ते ती मऊ फडक्याने पुसायचे आणि मी पायरीवर बसून बघत राहायचे.

मला ती चालवायची होती. बस्स, बाकी काही नको होतं. अठरा पूर्ण झाल्यावर ड्रायव्हिंग स्कूलच्या खटाऱ्यावर शिकले, पहिल्याच फटक्यात पास झाले, लायसन्स हातात आलं. ते उशाखाली ठेवून झोपायचे. स्वप्नात रस्ता संपतच नसे आणि गिअर बदलायची वेळच येत नसे.

माशी शिंकली ती काकांमुळे. बाबांचे हे धाकटे भाऊ त्या उन्हाळ्यात अमेरिकेहून आले होते. आमरस ओरपता ओरपता त्यांनी सांगितलं की तिकडे घरातल्या पोराला लायसन्स मिळालं की आधी विमा कंपनीला कळवावं लागतं. पोराचं नाव पॉलिसीत चढतं, हप्ता वाढतो, आणि लपवलंत तर अपघात झाल्यावर कंपनी हात वर करते. झालं! बाबांनी ते वेदवाक्य मानलं. विम्यात माझं नाव चढेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं त्यांनी जाहीर केलं. मी म्हटलं, काका तिकडचे, आपण इकडचे. पण पालथ्या घड्यावर पाणी.

बाबांचा स्वभावच तसा. प्रवासात ते डोळा म्हणून मिटायचे नाहीत. पुण्याच्या बसमध्ये सगळे घोरत असायचे आणि हे ताठ बसून प्रत्येक वळणाला उजवा पाय खाली दाबायचे, ब्रेक जणू त्यांच्याच पायाशी. आई म्हणायची, यांच्यामुळेच बस जागेवर पोचते.

पॉलिसी दसऱ्याच्या सुमाराला संपणार होती. तोवर मला उभ्या गाडीत बसायची मुभा मिळाली. दुपारी काचा वर करून मी डोळे मिटून बसायचे. तापलेल्या सीटचा वास यायचा आणि मी मनातल्या मनात कुठच्या कुठे जायचे. आई भाजी निवडायला हाक मारायची तेव्हा कुठे घरी परतायचे.

नवरात्रात विमा एजंट आले. आमच्याच गल्लीतले, पिढ्यान् पिढ्या इथे मुरलेल्या मराठी घरातले. बोलण्यात निम्मं कन्नड. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. बाबांनी घसा साफ करून सांगितलं की यंदा मुलीचं नाव घाला.

अण्णांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "कशाला साहेब? विमा गाडीला असतो. लायसन असलेलं कोणीपण चालवू दे. तुम्ही हो म्हटलं की सरी, झालं काम."

बाबांनी फिरवून फिरवून विचारलं. लायसन्स अगदी नवं आहे, वय कोवळं आहे, राहते आमच्याच घरात. अण्णा दर वेळी तेच सांगत राहिले. लायसन्स खरं हवं आणि मालकाची परवानगी हवी, बाकी काही नको.

मी मनात नाचत होते. पण अण्णा गेले तरी बाबा खुर्चीतून उठेनात. माझं डोकंच फिरलं. आता काय अडलंय, असं मी जरा तोडूनच विचारलं.

बाबा खिडकीतून गाडीकडे बघत होते. "गाडीचा विमा आहे गं," ते म्हणाले. "तुझा कुठून आणू?"

माझा सगळा राग विरघळला. रडू आलं, आणि रडू आलं म्हणून पुन्हा चीडही आली. मी पेले उचलून आत नेले.

खंडेनवमीला इथे आयुधपूजा असते. गल्लीतल्या झाडून साऱ्या गाड्या धुतल्या जातात, पुढे केळीचे खुंट बांधतात, झेंडूच्या माळा घालतात आणि चाकांखाली एकेक लिंबू ठेवतात. पूजा झाली की लिंबं चिरडत गाडी पुढे काढायची. दर वर्षी बाबाच काढायचे. त्या वर्षी आरती झाल्यावर त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली, मागचं दार उघडलं आणि आत बसले. आई पुढे बसली. लिंबं फुटली, गाडी एकदा बंद पडली, पण मागून चकार शब्द आला नाही.

मी येलहंक्याचा रस्ता धरला. तेव्हा तिकडे निलगिरीची झाडं, द्राक्षांचे मळे आणि भरपूर आभाळ. प्रत्येक वळणाला मागे बाबांचा पाय खाली दाबल्याचा आवाज येत होता. मी कानात प्राण आणून तो ऐकत होते. परतताना तो कधी थांबला, कळलंच नाही. आरशात पाहिलं तर बाबांचं डोकं काचेला टेकलेलं, तोंड जरासं उघडं, खांद्यावर झेंडूची पाकळी.

आमचं फाटक आलं. मी गाडी वळवली नाही.

"अगं, घर मागे राहिलं," आई हळूच म्हणाली.

"राहू दे," मी म्हटलं. "बाबा झोपलेत."