मी उजवीकडे वळले

मुलांनो, काल तुम्ही तळ्याकाठच्या खडीच्या वाटेवरचा तुमच्या सायकलींचा फोटो पाठवलात आणि विचारलंत, "आजी, तू कधी अशी गेली होतीस का?" गेले होते, एकदाच, आणि त्याची चडफड अजून शमलेली नाही. तेव्हा मी नेपानगरला शाळेत शिकवत होते. रानातल्या तळ्यावर हिवाळ्यात राजहंस उतरत, आणि ते परत जाण्याआधी मला एकदा जवळून बघायचे होते. होळीआधीच्या रविवारी तुमचे आजोबा आणि मी सायकलींवर निघालो. सरकारी नकाशावरून एकेक वळण मी कागदावर उतरवून घेतलं होतं. मुरमावर चाकं घसरत होती, सागाची वाळकी पानं खाली कुरकुरत होती. दुफाट्यावर मोहाची फुलं वेचणारी एक बाई म्हणाली, "उजवीकडे नका जाऊ बाई, तिकडं सगळा चिखल आहे. डावीकडून जा, सायकल सीधी पाण्यापर्यंत जाते." माझ्या कागदावर उजवीकडे लिहिलं होतं. "नकाशा सरकारी आहे," मी म्हटलं. आजोबा म्हणाले, "पण ही बाई रोज इथं येते." तरी मी उजवीकडेच वळले. तासाभरात चाकं चिखलात रुतली. लव्हाळ्यापलीकडे, फार दूर, पांढुरके ठिपके दिसले. मी सायकल उपसून काढेपर्यंत सगळा थवा उठला आणि उत्तरेकडे निघून गेला. "लिहा मास्तरीणबाई कागदावर, हंस उडाले," आजोबा म्हणाले. घरापर्यंत मी त्यांच्या पुढेच सायकल हाणत राहिले. राग खरा माझाच मला आला होता. पुन्हा जायचं राहूनच गेलं, आणि पुढे गुडघ्यांनी सायकल सोडवली. आता उजवीकडची वाट पाण्याखाली गेली आहे. डावीकडची अजून आहे; कधी तिकडं गेलात तर तीच धरा.