बाटली भरलीच यायची

माझा नातू धम्मदीप हिंगण्याच्या कारखान्यात कामाला आहे. तिशीला टेकला, पण बोलणं असं मोजकं, की घरात आहे का नाही ते चपलांवरून पाहावं लागतं. सकाळी कंपनीच्या बसनं जातो. जाताना मी माठातलं पाणी बाटलीत भरून देते. वैशाखात डांबर चपलेला चिकटतं आमच्याकडे, तरी संध्याकाळी बाटली भरलीच परत यायची. वाटायचं, कंपनीत गार पाणी मिळत असेल.

एक दिवस पोट्टा ऊन लागून पडला. सलाइन लावावी लागली. तेव्हा समजलं, तो दिवसभर पाणीच पीत नव्हता.

जन्मला तेव्हा त्याच्या लघवीचं तोंड टोकाला नव्हतं, खालच्या अंगाला होतं. लहानपणीच ऑपरेशन झालं आणि घरानं 'झालं एकदाचं' म्हणून तो विषय पेटीत टाकला. पण अंग वाढलं तसं टाक्यांजवळ बारीक छिद्र पडलं. धार दोन वाटांनी जायची, कपडे भिजायचे. म्हणून तो बसूनच करायचा, आणि चारचौघांत ती पाळी येऊ नये म्हणून पाणीच टाळायचा. परतीच्या वाटेवर बस बाभळींपाशी थांबते. सगळे गडी उतरून रांगेत उभे राहतात, गप्पा हाणतात. हा एकटा खिडकीशी डोळे मिटून. ड्रायव्हर विक्की चिडवायचा, "काहून गा महाराज, तुमची टाकी रिकामीच राह्यते का?"

लग्नाचं नाव काढलं की हा उठून जायचा. त्याचंही कारण आता उमगलं.

डॉक्टर म्हणाले, मोठेपणीही हे पुन्हा दुरुस्त करता येतं. धम्मदीपनं भिंतीकडे तोंड केलं. "या वयात हे दाखवायले जाऊ, आजी? तिथं सारे लेकरं असतीन."

त्या दिवसांत दुपारी कूलरसमोर पडले की माझी माहेरची वाडी दिसायची, सावनेरकडची. संत्र्याच्या झाडांतून पाट चाललेला, मध्येच फुटलेला. पाणी भलतीकडे पसरतंय आणि मी चिखलाचा गोळा हातात घेऊन उभी. पाय उचलत नाही. वाळ्याचा ओला वास यायचा. झोप कुठं संपली ते कळायचं नाही.

शेवटी म्हटलं, पाहून तर येऊ, पाहायले काय जाते. दवाखान्यातल्या बाकावर पाहते तर लेकरू एकही नाही, सगळे मिशावाले. शेजारी रुपराव नावाचे पांढऱ्या केसांचे गृहस्थ. त्यांचंही तेच, लहानपणी झालेलं, पुढे बिघडलेलं. धम्मदीपनं हळूच विचारलं, इतकी वर्षं काहून थांबले.

"लाज गा, बापू. आधी वाटे, आपलं लग्न होऊ दे. मंग वाटे, पोरीचं होऊ दे. आता नातू झाला. तो उभा राहून भिंत भिजवते अन् मी पाह्यत राह्यतो."

धम्मदीप हसला. त्याचे दात मी किती दिवसांनी पाहिले.

ऑपरेशन दोन खेपांत झालं. मध्ये अख्खा पावसाळा गेला. गालाच्या आतली कातडी काढून तिथं लावली. पुन्हा छिद्र पडणारच नाही अशी हमी नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. सुजल्या तोंडात मी मऊ भात भरवायची. म्हटलं, "बरं झालं, कातडी कामाले तरी लागली. बोलायले तर तू वापरत नव्हता." तो रागानं पाहायचा आणि आणखी एक घास घ्यायचा.

पुढचा वैशाख आला. कामावर जाताना बाटली भरून दिली. दुपारी पडले तर पाट काही दिसला नाही. नुसता संत्र्याच्या फुलांचा वास, भर उन्हाळ्यात, कुठून आला कोण जाणे.

संध्याकाळी तो आला. चपला काढता काढता म्हणाला, बाभळींपाशी आज उतरलो. विक्कीनं सरकून रांगेत जागा केली म्हणे.

मग बाटली पुढे केली. हलकी होती.

"दुपारीच संपलं, आजी. याच्याहून मोठी बाटली नाही का वं घरात?"